उजवा कौल

माझ्या नवऱ्याला मुदतीचा ताप आला होता, आणि मी जळत होते थोरल्या जावेवर. हसू येईल कुणाला, पण आहे ते असं आहे. स्वातंत्र्य मिळून एक-दोन वर्षं झाली असतील. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात तापाचा तिसरा आठवडा चालू होता. डॉक्टर यायचे, नाडी बघायचे, "आता वाट बघायची" म्हणून बॅग उचलायचे. माझ्या मनात सारखं एकच, हे गेले तर? भीतीनं घास उतरत नव्हता. देवापुढं हात जोडले तरी डोळ्यांपुढं यांचा सुकलेला चेहरा.

आणि ही आमची आक्का! मुरगूडकडची, शेतकऱ्याची लेक. माझे वडील मास्तर, रोज दिवेलागणीला शुभंकरोती म्हणत वाढलेली मी. पण देव पावावा कुणाला? ही सकाळी अंघोळ करून अंबाबाईच्या देवळाच्या दिशेला हात जोडायची, "आई, तू हाईस" म्हणायची, की झाली मोकळी भाकरी थापायला. दुपारी जेवणं उरकली की मधल्या खोलीत तोंडावर पदर घेऊन आडवी, आणि लगेच घोरायला सुरुवात. भिंतीअलीकडं मी यांच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत ते घोरणं ऐकायची. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. त्यात सासूबाईंचं मीठ चोळणं, "देवावर भार टाकावा तर थोरलीनं. तुझं आपलं सदा डोळ्यांला पाणी." नवरा माझा, धास्ती माझी, आणि कौतुक हिचं!

ताप हटेना तेव्हा आक्का म्हणाली, "मी म्हायारच्या देवीला कौल लावून येतो." आमच्याकडची ही रीत. गुरव देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. सकाळच्या मोटारीनं ती गेली. तो दिवस मी कसा काढला माझं मला माहीत. दिवे लागायच्या आत ती परतली आणि दारातूनच ओरडली, "उजवा! आईनं उजवा दिला की!"

सासूबाईंनी घरभर साखर वाटली. मला आधी हायसं वाटलं आणि पाठोपाठ मी पुन्हा जळायला लागले. म्हणजे देवी हिच्याशी बोलते! मी इतके दिवस पदर पसरतेय, मला हूं नाही की चूं नाही. पण पुढचे दिवस त्या उजव्या कौलाला घट्ट धरूनच मी काढले. ताप चढला की स्वतःला बजावायची, देवीनं होय म्हटलंय. मनात तिच्या नावानं बोटं मोडायची आणि आधारही तिच्याच शब्दाचा घ्यायची.

ताप उतरला. हे काठी टेकत अंगणात येऊन बसायला लागले. आणि गल्लीत जो तो म्हणे, थोरलीच्या पुण्याईनं वाचला. माझी सगळी जागरणं गेली पाण्यात.

थंडीत आम्ही दोघी आक्काच्या माहेरच्या त्या देवीची ओटी भरायला गेलो. आक्का नारळ फोडायला बाहेर गेली, तेवढ्यात म्हातारा गुरव मला म्हणाला, "तुमचंच मालक आजारी हुतं न्हवं? बरं हाईत?"

"आहेत की. देवीनं उजवा कौल दिला होता ना."

"उजवा? न्हाय वो बाई. डावा पडलता. तुमच्या जाऊबाईनं पुन्ना लावायला लावला, तरी डावाच. मीच म्हटलं, मन घट्ट कर माय."

परतताना मोटारीची वाट बघत झाडाखाली बसलो, तेव्हा मी तिला धरलंच. "आक्का, कौल डावा पडला होता?"

"व्हय."

"आणि तुम्ही घरी उजवा म्हणून सांगितलंत? देवीच्या नावानं?"

"मग काय सांगू? तू निम्मी मेलीच हुतीस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी आईला तिथंच सांगितलं, तू न्हाई म्हणालीस, पर मी घरी उजवाच सांगणार हाय. आता मला खोटं पाडू नगंस."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की! भ्या वाटत नसतं तर तिच्या दारात कशाला गेलतो?"

मी चिडलेच. "मग रोज दुपारी एवढी ढाराढूर झोप कशी लागायची तुम्हाला?"

"झोप?" ती हसायला लागली. "झोप कुठली गं? तू भिताडापल्याड कान लावून बसल्याली असायचीस. म्हटलं, मी घोरलो तर हिला वाटंल, काय काळजी न्हाई."

मोटार आली. ती बोचकं उचलून पुढं चढली, मी मागून. तिच्यासारखा भरवसा तर सोडाच, मला तिच्यासारखं घोरायचं सोंगसुद्धा जमलं नसतं. घरी पोचेपर्यंत मी तिच्या शेजारी बसून जळत होते, आणि तिचा हात काही सोडला नाही.