ओढ्यापलीकडचं आडनाव

"गावात घर कुठे गं तुमचं?"

अनघाताईच्या सासूबाईंनी विचारलं तेव्हा माझे हात उकडीत होते. शारजात अल मजाजमधला त्यांचा फ्लॅट, पाच दिवसांचा गणपती, पहिला दिवस. मी मोदकाला कळ्या पाडत होते. आईने शिकवलेल्या, अगदी बारीक. आडनाव ऐकून सासूबाई आधीच खूश झाल्या होत्या. "निमगावकर? म्हणजे आपल्यातलेच की!"

मी भाबडी. खरं तेच बोलून बसले. "ओढ्यापलीकडे."

संपलं. ओढ्यापलीकडे कोणाची वस्ती असते, ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. अनघाताई गोड हसली. नेहमी गोडच हसते मेली. "तू बाहेर एसीत बस बाई. आठवडाभर ऑफिस करून दमली असशील." माझ्यासमोरून उकडीचं भांडं उचललं. माझे मोदक वेगळ्या ताटलीत गेले.

आरतीला मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या! शारजात माझं दुसरं होतं कोण? शेअरिंगच्या खोलीतला एक पलंग, आणि सुट्टीच्या दिवशी मराठीत दोन शब्द बोलायला अनघाताईचं हे एवढं एक दार.

खाली उतरले तर बिल्डिंगचा वॉचमन खुर्चीत बसून मोदक खात होता. माझ्या कळ्या मी ओळखल्या. "ऊपरवाली मॅडमने दिया," तो म्हणाला. "बहुत अच्छा है, दीदी." त्या बिचाऱ्याला मिळाले त्याचं काही नाही. देवाला चालले नाहीत, ते लागलं. खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

आमचं मूळ आडनाव कांबळे. माझ्या जन्माआधी वडिलांनी, म्हणजे आबांनी, ते बदलून गावाचं लावलं. म्हणाले, पोरांना कोणी जात विचारणार नाही. विचारतात, आबा. नुसता प्रश्न बदलतात.

दुबईच्या जबल अलीला आमच्या कंपनीचं संगमरवराचं गोदाम आहे. तिथे कालाब्रेसे नावाचा म्हातारा इटालियन लाद्या तपासतो. दुसऱ्या दिवशी चहाला मी त्याला विचारलं, तुझ्या आडनावाचा अर्थ काय?

"कालाब्रियाचा माणूस." इटलीच्या दक्षिण टोकाचा गरीब प्रांत. आमचा साहेब लोंबार्दी, म्हणजे उत्तरेच्या लोंबार्दियाचा. कोणी तोस्कानो, कोणी सिचिल्यानो. सगळी प्रांतांची नावं.

"मग कालाब्रियात सगळेच कालाब्रेसे?"

तो हसला. "नो, नो. आपल्या घरात एकमेकांना 'कालाब्रियाचा' कोण कशाला म्हणेल? माणूस दुसऱ्या मुलखात गेला की तिथले लोक हे नाव चिकटवतात."

मग म्हणाला, त्याचा बाप उत्तरेकडच्या तोरिनोला कामाला गेला तेव्हा घरांवर पाट्या होत्या. दक्षिणेकडच्यांना खोली मिळणार नाही. कालाब्रेसे म्हटलं की दार बंद.

"मग आडनाव नाही बदललं त्यांनी?"

"का? दार घरवाल्यांनी बंद केलं. लाज त्यांची."

तुटक्या इंग्लिशमध्ये एवढंच बोलला आणि लाद्यांकडे गेला. माझा चहा तसाच राहिला. आबांची कीव आली. रागही आला. लोकांची लाज त्यांनी आयुष्यभर आपल्या खांद्यावर वाहिली, आणि मग माझ्या खांद्यावर दिली.

विसर्जनाच्या दिवशी मी गेले. थेट किचनमध्ये. हात धुतले, उकडीसमोर बसले.

"अगं, तू बाहेर ताटं मांड ना," अनघाताई म्हणाली.

"ताई, माझं आडनाव कांबळे. मोदक मी करणार."

सासूबाई पुटपुटल्या, "सणासुदीला कशाला हे विषय?"

"पहिल्या दिवशी तुम्हीच काढलात, आजी."

मी मोदक केले. सगळ्यांच्या मोदकांसोबत चाळणीत मांडले. गॅस कोणी पेटवेना. मी पेटवला. वाफ येईपर्यंत तिथेच उभी राहिले, मग चपला घातल्या नि निघाले. नैवेद्य दाखवला की फेकले, ते त्यांचं त्यांना माहीत.

त्यानंतर मला कोणी बोलावलं नाही. दिवाळीत खालिद लगूनच्या पाण्याकाठी बाकावर एकटीच बसले होते. जीव तुटतो, खोटं कशाला बोलू? आबा फोनवर ओरडले, "परमुलखात तरी निभावून न्यायचं होतंस, पोरी!"

नाही आबा. ते तुमच्यापर्यंतच.

पासपोर्टवर निमगावकर आहे, असू दे. ते गावही माझंच आहे, कोणाच्या बापाचं नाही. पण आता कोणी विचारलं, "मूळचे कुठले?" की मी आधी ओढा सांगते, मग गाव. ज्याला उठून जायचं त्याने जावं. उकडीसमोरून मी आता उठणार नाही.