डेन्मार्कची गोलकीपर

रविवारी संध्याकाळी जळगावच्या घरात कणीक मळता मळता मी मोबाइलवर डेन्मार्कमधल्या एका महिला हँडबॉल क्लबचे सामने बघते. त्यांची गोलकीपर दोन मुलांची आई आहे. चोपड्याला कॉलेजात असताना मीही गोलकीपर होते. विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं. "नंतर खेळ की," सगळे म्हणाले. मीही मान डोलावली.

परवा समोरच्या संघानं सात मीटरवरून मारलेला पेनल्टीचा फटका तिनं पायानं अडवला, तसा माझाही पाय झटकन पुढे गेला आणि समोरची परात कलंडली. शेजारी भाजी निवडणाऱ्या सासूबाई दचकल्या. मोबाइलकडे बघत त्यांनी विचारलं, "तू बी अशीच खेये का व?"

लग्नाला सोळा वर्षं झाली, पण हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"हो, अशीच," मी म्हणाले.

त्यांनी परात सरळ करून स्वतःकडे ओढली. "मंग देख तू. पोया मी करस."

पिठाचे हात तसेच ठेवून मी शेवटपर्यंत सामना बघितला. क्लब जिंकला. सगळ्या खेळाडू गोलकीपरच्या अंगावर जाऊन पडल्या. मी त्या घोळक्यात असायला हवं होतं, असं फार वाटलं.