तुमच्यामागं शेती कोण बघणार

म्युनिकहून निघालेली गाडी वाटेत एका स्टेशनावर दोन भागांत सुटते, पुढचे डबे एकीकडं आणि मागचे दुसरीकडं जातात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे लेकीनं सांगितलं होतं, पण मी ऐकलं नव्हतं. अठरा वर्षं फौजेत पठाणकोटपासून तेजपूरपर्यंत गाड्या बदलल्यात, मला काय गाडी शिकवतेस, असं म्हणून मी तिला गप्प केलं होतं. खिडकीची जागा धरून मी निवांत हिरवी कुरणं बघत बसलो. समोरच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी दोनदा माझ्याकडं, दोनदा माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं, शेवटी उठल्या, कागदावरच्या गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि मला दंडाला धरून चार डबे पुढं नेऊन बसवलं. "डांके," (आभारी आहे) मी म्हणालो. दोन महिन्यांत मी एवढंच शिकलो होतो. माझी टोपी मात्र आधीच्याच डब्यात राहिली, ती बहुतेक ऑस्ट्रियाची हद्द बघून आली असेल.

मी निघालो होतो लुकासकडं. उंब्रजच्या लोकांना लुकास माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. तीन वर्षांपूर्वी हा जर्मन पोरगा पुण्याहून गोव्याला सायकलवर निघाला होता. आमच्या हायवेच्या पुलाखाली तो पिवळाधमक होऊन बसलेला मला दिसला. कावीळ. दवाखान्यातून मी त्याला सरळ घरी आणलं. आमच्या मंडळींनी त्याला पंधरा दिवस मऊ भात आणि उसाचा रस यावर ठेवलं. बरा झाला तरी गडी हलेना. दोन महिने राहिला, उसाला पाणी पाजलं, म्हशी धुतल्या, आणि जाताना आमची भाषा घेऊन गेला. पुस्तकातलं मराठी त्याला येत नाही, उंब्रजचं येतं. पुढं दर पंधरवड्याला त्याचा फोन यायचा, त्यामुळं ते गंजलंही नाही.

यंदा लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं म्युनिकला गेलो. मंडळींना बाळाचं काम होतं, मला काहीच नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या घरात माझी येरझाऱ्यांची वाट गालिच्यावर दिसायला लागली, तेव्हा लेकच म्हणाली, तात्या, चार दिवस लुकासकडं जाऊन या.

स्टेशनावर लुकास उभा होता. दाढी वाढवली होती. वाकून पाया पडला आणि वर बघून म्हणाला, "तात्या, टोपी कुटं हाय?"

"गेली पुढं."

"बरं झालं. लय जुनी हुती."

गाव डोंगराच्या पायथ्याशी. या भागाला आल्गॉय म्हणतात, सगळा दूधदुभत्याचा मुलूख. उतरत्या छपरांची घरं, खिडक्यांत लाल फुलं, आणि पलीकडं उन्हाळ्यातही शेंड्याला थोडं बर्फ धरून बसलेला डोंगर. गाडी चालवता चालवता लुकासनं त्याच्या मनातलं काढलं. तो गावातल्या एका सुतारखान्यात दारं-खिडक्या करतो. येत्या महिन्यापासून दोन वर्षांसाठी दूरच्या शहरात त्याच कामाचं पुढचं शिक्षण घ्यायला जायचं त्याचं ठरलं होतं. परत आल्यावर स्वतःचा सुतारखाना टाकायचा.

"मग गोठा?" मी विचारलं. गोठ्याबद्दल तो फोनवर नेहमी बोलायचा. सव्वीस गायी, आणि बघणारे दोघंच, बाप आणि हा.

"त्येच तर हाय तात्या. आईला म्हाईत हाय. बापाला अजून सांगितलं न्हाई. त्याचा गुडघा गेलाय. मी गेलो तर त्यो एकटा पडतोय." मग म्हणाला, "तुमीबी काय बोलू नका."

"मला कुठं तुझ्या बापाची भाषा येते? सांगणार कसं?" मी म्हणालो, आणि दोघंही हसलो.

बाप, योसेफ, माझ्याच वयाचा निघाला. हाताचा पंजा फावड्यासारखा. "ग्र्यूस गॉट," म्हणाला (हा त्यांचा रामराम), माझ्या उघड्या डोक्याकडं बघितलं, आत गेला आणि स्वतःची एक जाड लोकरीची हिरवी टोपी आणून माझ्या हातात दिली. त्या दिवसात तो एवढाच बोलला. लुकासची आई मोनिका मात्र दोघांचा वाटा एकटीच बोलते. मी तिला काकवीची बाटली दिली. ती त्यांनी मधासारखी पावाला लावून खाल्ली आणि बाटली फडताळात अगदी वर, पाहुण्यांच्या कपबशांशेजारी ठेवली.

लुकासचा दिवस असा असतो. पहाटे पाचला गोठा. गायी तांबूस-करड्या रंगाच्या, डोळ्यांनी गरीब. धारा यंत्रानं काढतात, पण कास पुसायला, वैरण टाकायला, शेण ओढायला माणूस लागतोच. सातला अंघोळ, पाव, चीज, कॉफी. साडेसातला सायकलवरून सुतारखाना. चारला सुट्टी, पाचला परत गोठा. साडेसहाला आबेंडब्रोट (संध्याकाळचं थंड जेवण, पाव, चीज, काकडी, चूल पेटवायचं नाव नाही). मी फौजेत काय काय खाल्लंय, पण दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी गार पाव म्हणजे माझ्या जिवावर आलं. तिसऱ्या घासाला मी पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढली. योसेफनं बोट लावून चाखली, त्याचे कान लाल झाले, पण बोट पुन्हा चटणीकडं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी लुकासबरोबर सुतारखान्यात गेलो. गोठ्यात तो चांगलं काम करतो, चुकत नाही, पण उरकतो. इथं तो वेगळाच माणूस होता. खिडकीची चौकट जुळवताना त्यानं सांध्यावरून अंगठा फिरवला, रंध्याचा एक हात मारला, परत अंगठा फिरवला, आणि खिळा न मारता दोन लाकडं अशी बसवली की मला फट शोधूनही सापडेना. सुतारखान्याचा म्हातारा मालक माझ्याकडं बघून नुसती मान हलवत होता. आपल्या पोराचं कौतुक झाल्यावर बापाला वाटतं तसं मला वाटलं. आणि त्याच्या खऱ्या बापानं हे बघितलंय का, हे मनात आलं.

दिवसा लुकास कामावर, तेव्हा मी योसेफबरोबर. आमची बोली एक नव्हती, तरी अडलं काही नाही. त्यानं एका गाईच्या कासेवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं, मी दाबून बघितली, एका सडात गाठ लागत होती, मी मान हलवली, त्यानंही हलवली. गवत वाळलंय का ते तो मूठभर घेऊन वासावर ठरवतो, मीही कडब्याचं तसंच ठरवतो. भिंतीवर त्यानं मला एक फोटो दाखवला. डोंगरावर चरायला सोडलेली जनावरं सप्टेंबरात खाली आणतात, तेव्हा पुढच्या गाईच्या डोक्यावर फुलांचा हा मोठा मुकुट. आपल्या बेंदराला बैल सजवतो, अगदी तसं. मोनिकानं खुणेनं समजावलं की डोंगरावर एखादं जनावर दगावलं तर त्या वर्षी मुकुट घालत नाहीत. हे कळल्यावर मला योसेफ आणखी जवळचा वाटला. पण ट्रॅक्टरवर चढताना तो दोन्ही हातांनी पाय उचलून वर ठेवायचा आणि तोवर तोंड दुसरीकडं फिरवायचा, तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

रविवारी माझी एक फजिती झाली. सकाळी रिकामा बसवेना, म्हणून कुंपणाचा एक ढिला खांब मी ठोकायला घेतला. चार घाव घातले असतील, शेजारचा एक गृहस्थ पायजम्यावरच आला आणि अदबीनं काहीतरी म्हणत त्यानं आकाशाकडं बोट दाखवलं. मला वाटलं पाऊस येणार म्हणतोय. लुकास धावत आला. "तात्या, आज रविवार हाय. हितं रविवारी ठोकत न्हाईत." हातोडा खाली ठेवला. आपल्याकडं हा कायदा आला तर ऊस वाळून जाईल, असं मनात म्हणालो.

आणि मग दुपारचं जेवण. त्या दिवशी ताटात गरम काहीतरी होतं, केसश्पाट्झन (पिठाच्या लहान गोळ्या, चीज आणि वर तळलेला कांदा). माझा जीव शांत झाला. पोट भरल्यावर माणूस सैल होतो. आता आपल्याकडची सवय सांगतो, म्हणजे मी काय केलं ते कळेल. इस्लामपूरच्या स्टँडवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आपण पाच मिनिटांत तीन गोष्टी विचारतो. गाव कुठलं, रान किती, आणि तुमच्यामागं कोण बघणार. त्यात भोचकपणा नसतो, ही आपली विचारपूस असते. न विचारणं म्हणजे माणसाला परकं धरणं. तर मी ताटातला कांदा निपटत योसेफकडं वळलो आणि लुकासला म्हणालो, "इचार त्यास्नी, तुमच्यामागं गोठा कोण बघणार?"

शब्द तोंडातून गेले आणि मला समजलं मी काय केलंय. मी लुकासकडं बघितलं. तो काटा हातात तसाच धरून बसला होता. तो काहीही सांगू शकला असता. तात्या म्हणतात जेवण झकास झालंय, एवढं म्हणाला असता तर कुणाला पत्ता लागणार होता? मीच घाईनं म्हणालो, "ऱ्हाऊ दे रं. काय तरी दुसरं सांग."

लुकासनं मान हलवली. न्हाई, अशी. मग बापाकडं तोंड करून तो हळूहळू जर्मनमध्ये बोलला. माझ्या प्रश्नापेक्षा ते बरंच लांब होतं. मोनिकानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

योसेफनं काटा खाली ठेवला. मग बोलायला लागला. चार दिवसांत मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं एवढं तो एका दमात बोलला, आवाज न चढवता. मध्येच त्यानं गुडघ्यावर हात मारला, मध्येच माझ्याकडं बोट केलं. मला वाटलं आता मला घराबाहेर काढतो. बोलून झाल्यावर उठला आणि लंगडत गोठ्याकडं गेला. लुकास त्याच्यामागून गेला. मी आणि मोनिका समोरासमोर बसून राहिलो. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. तिनं माझ्या ताटात आणखी वाढलं आणि माझ्या हातावर थोपटलं.

संध्याकाळच्या धारा झाल्यावर लुकास माझ्याशेजारी बाकावर येऊन बसला. उजेड होता अजून. डोळे सुजलेले दिसत होते.

"काय म्हणाला बाप?"

"म्हणाला, त्याला हे कुनी इचारलंच न्हाई. मी हिंदुस्थानातनं आलो तवाच त्यो गायी इकणार हुता. गुडघा तवाच गेलता. पर मी घरी आलो आन रोज तुमच्या उसाचं, तुमच्या म्हशींचं बोलायचो. त्याला वाटलं, पोराला ह्येच पायजे. त्यानं माझ्यासाठी गायी ठिवल्या, तात्या. आन मी त्याच्यासाठी ऱ्हायलो."

"माझ्याकडं बोट का केलं?"

"म्हणाला, ह्यो मानूस एवढ्या लांबनं आला तवा घरात प्रश्न निघाला."

गायी विकायच्या आणि लुकासनं शिकायला जायचं असं ठरलं, पण त्या घरात कुणी आनंदात नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्यात गेलो, तर योसेफ एकेका गाईची पाठ घासत होता, दोघीतिघींची नाही, सव्वीसच्या सव्वीस. मीही एक घासणी घेतली. निघताना मी त्याची टोपी परत द्यायला लागलो, तर त्यानं ती माझ्या डोक्यावर नीट बसवली. सुतारखाना सुरू व्हायला वेळ होता, म्हणून बाप-लेक दोघं मला स्टेशनावर सोडायला आले. योग्य डब्यातही त्यांनीच बसवलं.

पंधरा दिवसांनी आम्ही उंब्रजला परतलो. दुसऱ्याच दिवशी मी रानात गेलो. अडीच एकर ऊस, चांगला आला होता. माझं वय झालं, म्हणून दोन वर्षं ते रान भाऊबंदातल्या एकाला वाट्यानं दिलंय. माझा मुलगा विक्रम चाकणच्या कारखान्यात आहे. पोराला शेतीची आवड नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. बांधावर बसलो आणि तेव्हा ध्यानात आलं की हे मला त्यानं कधी सांगितलेलं नाही. मीच ठरवलेलं आहे. स्टँडवरच्या परक्या माणसाला मी जे पाच मिनिटांत विचारतो, ते पोराला एकतीस वर्षांत विचारलं नव्हतं.

तिथूनच फोन लावला. त्याची जेवणाची सुट्टी होती.

"विक्रम, माझ्यामागं रान कोण बघणार?"

पलीकडं कुणीतरी ताटं आपटत होतं. मग तो त्या गोंगाटातून बाहेर आला असावा.

"तात्या, तुमीच म्हणाला हुता, शीक आन भाईर पड, ह्या मातीत हात घालू नगंस. मी पडलो भाईर. मागनं तुमी रान वाट्यानं दिलंसा, मला इचारलंबी न्हाई. मला वाटलं, तुमाला मी तितं नगंच हाय."

योसेफची टोपी मी काढून मांडीवर ठेवली. ऊन होतं, पण डोकं झाकायची इच्छा होईना. नगं कसा असशील रं, एवढंच म्हणायचं होतं.

"तात्या? हाय का तुमी?"

"हाय," मी म्हणालो. "ह्या रविवारी ये. पाण्याची पाळी हाय. वाटेकऱ्याला सांगतो, आपूनच पाजू."