सिंगापुरात एक चेंडू वीतभर गेला

सिंगापुरात माझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद आधी करते, प्रेक्षणीय स्थळं मागाहून. पहिल्याच दुपारी चोआ चू कांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, एक टेबल रिकामं दिसलं. वर टिश्यूचं एक पाकीट बेवारशी पडलेलं. मी बसले, पाकीट फोडलं, घाम पुसला. मान वर केली तर समोर सूपचा वाडगा धरून एक आजीबाई उभ्या. त्यांच्या देवघरात मी चपला घालून शिरले असावे, अशी त्यांची नजर.

"मावशी, दॅट टेबल चोप्ड ऑलरेडी लाह," माझी भाची सई माझा दंड ओढत पुटपुटली.

इथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की माणूस येईपर्यंत जागा त्याची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आम्हीही सीट धरतो, पण नंतर भांडावं तर लागतं! इथे ती सोय नाही. आजीबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पुणेकराशी न भांडता जिंकणं याला मी अन्यायच म्हणते.

मी इथे आले ती धाकटी बहीण वैशालीच्या फोनमुळे. "ताई, मिलिंदची मॅच आहे, ये ना." मिलिंद म्हणजे तिचा नवरा, बँकेत आहे, पन्नाशी ओलांडलेला, स्वभावाने इतका गरीब की लिफ्टलासुद्धा आधी जाऊ देईल. मॅच म्हणजे क्रिकेट, असं मी धरून चालले. तिकीट काढल्यावर कळलं, बेसबॉल. तिकीट परत होत नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी: विमानतळावरून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, चोआ चू कांग म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. तासाहून जास्त धरा. आपलं बँकेचं कार्ड गेटला टेकवलं तरी चालतं. शाल हाताशी ठेवा, एसी मन लावून काम करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांबरोबर माझं शिक्षण सुरू झालं. अमेरिकेत रात्री चाललेला सामना इथे सकाळी दिसतो, त्यामुळे मिलिंद टाय बांधून, बॅग मांडीवर घेऊन बेसबॉल बघतो.

"ताई, पूर्वी जो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सामना सुरू करायचा, तोच बहुतेक वेळा संपवायचा. मग शेवटी शेवटी दमून सामने जायला लागले, तसा शेवटच्या डावापुरता ताजा माणूस ठेवायची पद्धत पडली. क्लोजर."

"म्हणजे लग्नाला थेट पंगतीच्या वेळी येणारा."

"अहो, सामना वाचवतो तो! आणि हा बघा, डेझिग्नेटेड हिटर. हा फक्त बॅटिंग करतो. फील्डिंगला उतरतच नाही."

"आणि मानधन पूर्ण?"

"भरपूर."

"मग आमच्या सोसायटीचे चेअरमन व्यावसायिक खेळाडू आहेत. उगाच नावं ठेवली बिचाऱ्यांना."

पडद्यावर मुखवटा घातलेला एक जण उकिडवा बसला होता. तो कॅचर. सगळ्या संघाकडे तोंड करून बसलेला तोच एकटा. कुठला चेंडू टाकायचा ते बोटांनी सुचवायचं, चुकलेला अंगावर घ्यायचा आणि टाळ्या मात्र चेंडू टाकणाऱ्याला.

"ओळखते मी त्याला," पोळ्या लाटता लाटता वैशाली स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग मिलिंद क्षणांकडे वळला. या खेळाची सगळी श्रीमंती क्षणांत असते म्हणे. एका फटक्यापुरता आणलेला एक लंगडता फलंदाज चेंडू प्रेक्षकांत भिरकावतो आणि लंगडतच मैदानाला फेरी मारतो. ती फीत मिलिंदने किती वेळा पाहिली याचा हिशेब नाही. दुसऱ्या कुणाच्या पायांमधून साधा चेंडू निसटतो, आणि त्याची आधीची सगळी कारकीर्द लोक त्या चेंडूखाली पुरून टाकतात. असे क्षण घडले की संघमालक तशाच माणसांच्या शोधात निघतात. भूमिका आधी नसतेच. आधी क्षण येतो, मागून त्याची नोकरी निघते.

"आणि गुपचूप काम करणारे?" मी विचारलं.

"बंट होता ना. बॅट नुसती धरायची, चेंडू पायाशी पाडायचा. आपण आउट, पण आधी पोचलेला भिडू एक बेस, म्हणजे एक टप्पा, पुढे. आकडेवाल्यांनी हिशेब करून ठरवलं, तोट्याचा सौदा. मोठ्या लीगमधून जवळजवळ गेलाच तो."

"जाणारच. त्याची फीत कोण बघणार?"

मिलिंदने टीव्ही बंद केला. "ताई, रविवारी माझी शेवटची मॅच. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलंय. अख्ख्या मोसमात एकदाही बॅट मिळालेली नाही. डोंबिवलीला आमच्या पार्किंगमध्ये उंच मारला की आउट असायचं, गाड्यांच्या काचा. तेव्हापासून मला एक उंच मारायचाय. एकच."

इथे माणसाने गप्प बसावं. मी म्हटलं, "तू त्या संघाचं टिश्यूचं पाकीट आहेस, मिलिंद. खरा खेळाडू येईपर्यंत बाक धरून ठेवायचा." तो हसला, पण नेहमीच्या उशिराने. मग भरपाई म्हणून मी जीभ आणखी सैल सोडली. "तुझ्यामुळे संघाला एक धाव मिळाली, तर बेसबॉल क्रिकेटपेक्षा चांगला खेळ आहे असं मी माझ्या ब्लॉगवर लिहीन."

"ताई," वैशाली लाटणं हातात घेऊन बाहेर आली, "तुला पुण्यात परत जायचंय ना?"

शनिवारी बुकित तिमाहची टेकडी चढले. रस्ता डांबरी, माकडं निर्ढावलेली, माथ्यावर झाडांमुळे दिसत काही नाही. पर्वतीची सवय असलेल्यांनी पाणी घेऊन जावं, अपेक्षा घरी ठेवाव्यात.

रविवारी आंग मो किओजवळच्या एका मैदानावर सामना. मिलिंदने गणवेशाला इस्त्री केली होती. बाकावर तो असा बसला होता, जणू मुलगी बघायला आलाय. एकेक डाव संपत होता आणि त्याचा एक हात गुडघ्यावर, दुसरा बॅटवर. शेवटच्या डावात बरोबरी, यांचा एक भिडू तिसऱ्या बेसवर, एक आउट झालेला. तिसऱ्यावरचा भिडू घरी, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर, पोचला की सामना जिंकला. आणि नेमका पुढचा फलंदाज खांदा धरून बसला.

कप्तान वेई, दाढीतला चिनी अंकल, बाकाकडे वळला. "मिलिंद. बंट. ओन्ली बंट, कॅन?"

मिलिंदचा चेहरा मी पाहिला. "कॅन," तो म्हणाला. पण जाताना त्याने बॅट अशी फिरवली की सई ओरडली, "पापा, डोंट!"

पहिला चेंडू. बंटबिंट सगळं विसरून त्याने आकाशावर घाव घातला. चेंडू बॅटला न लागता कॅचरच्या हातात. वेईने टोपी चावली. दुसरा चेंडू. पुन्हा आकाश, पुन्हा कॅचर. तीन हुकले की आउट, आता एकच उरला.

तिसरा आला आणि मिलिंदच्या आत डोंबिवलीचं पार्किंग जागं झालं. डावा पाय पुढे, कोपर वर, बॅट उभी, मान खाली. गाड्यांच्या काचा सांभाळणारा तो जुना फटका. चेंडू वीतभर पुढे गेला आणि झोपला. तिसऱ्या बेसवरचा भिडू सुसाट घरी. पिचरने चेंडू उचलला तेव्हा उशीर झाला होता. सवयीने त्याने तो पहिल्या बेसकडे फेकला. तिकडे मिलिंद धावत होता, आणि बॅट हातातच! बेसबॉलमध्ये ती टाकून धावायचं असतं. याने दोन हात आधीच लोटांगण घातलं आणि बॅट लांब करून बेसला टेकवली.

"आउट!" पंच ओरडले.

"बॅट आत आहे!" मिलिंद मातीतून मराठीत गरजला. लिफ्टला आधी जाऊ देणारा माणूस पंचांशी भांडत होता. "क्रीजमध्ये आहे बॅट! बघा ना!"

तेवढ्यात अख्खा संघ त्याच्या अंगावर कोसळला. हे सांत्वन आहे असं वाटून तो "सॉरी, सॉरी" म्हणत राहिला. शेवटी सईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून सांगितलं, "पापा, यू वन! वी वन!"

नंतर हॉकर सेंटरमध्ये कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना (दीडेक डॉलर, साखर नको तर आधीच 'कोसोंग' सांगा) तो गणवेशावरची माती झटकत होता.

"उंच नाही गेला, ताई."

"नाही. वीतभर गेला."

"आणि मी आउट."

"आउटच. बॅट टेकवून."

मग तो हसला, या वेळी वेळेवर. वेईने सांडलेली कोपी पुसायला टेबलावरचं टिश्यूचं पाकीट उचललं, तर मिलिंदने पटकन त्याचा हात धरला. "नो, नो. दॅट इज अवर प्लेस."

पुण्यात परतून आठवडा झाला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं खेळतात. उंच मारला की आउट, नियम तोच. पूर्वी मी खिडकी लावून घ्यायची. आता चहा घेऊन बघत बसते. पुढे आलेला पाय, उभी बॅट. कोण कुठे जाऊन काय जिंकेल, सांगता येत नाही.

निघण्याआधीच्या सूचना: छत्री पर्समध्येच असू द्या, पाऊस विचारून येत नाही. हॉकर सेंटरमध्ये जेवून झालं की ताट स्वतः परत ठेवा. बेसबॉल हा क्रिकेटपेक्षा चांगला खेळ आहे. एमआरटीत पाणीसुद्धा पिऊ नका, दंड होतो.