ओटीपी होडीवर गेला होता

आमच्या कळव्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी दर पंधरा ऑगस्टला सांगतात, की इंटरनेट आता प्रत्येक मुलाच्या मुठीत आहे. यंदाही सांगितलं. प्रत्येक हा शब्द कोणी मोजून वापरत नाही. मला मोजायची खोड आहे, त्यामुळे जुलैतली दुपार आठवली.

गेटबाहेर मासळी विकणाऱ्या कोळीणबाईंच्या मुलीला दहावीला शहाऐंशी टक्के मिळाले होते. ठाण्यात, तिने पहिल्या पसंतीला टाकलेल्या कॉलेजात सायन्सला नावही लागलं. संध्याकाळी पाचच्या आत वेबसाइटवर जाऊन जागा स्वीकारायची. नाही स्वीकारली तर पुढच्या फेऱ्या बंद, शेवटी उरेल ते घ्यायचं. आदले दोन दिवस साइट उघडलीच नव्हती. म्हणून मायलेकी सोसायटीच्या ऑफिसात आल्या. खजिनदार म्हणून मी तिथेच होतो.

"वाय-फाय मेंबरांसाठी आहे," सेक्रेटरी म्हणाले. "आज हिला दिलं, की उद्या अख्खी वस्ती इथे रील्स बघत बसेल."

माझ्या मोबाईलवर त्या क्षणी एकोणीस वाय-फायची नावं दिसत होती. सगळ्यांना कुलूप. मी माझाच मोबाईल तिच्या हातात दिला. साइट उघडली आणि ओटीपी मागू लागली.

"नंबर कोणाचा दिलायस?"

"बाबांचा. घरात एकच फोन आहे, काका."

"मग त्यांना लाव ना."

"ते होडीवर गेलेत. खाडीत फोन बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतात. भिजला तर दुसरा नाही."

सेक्रेटरी हसले. "कमाल आहे! आजच्या दिवशी फोन घेऊन फिरायला गेले?"

"फिराया नाय, सायेब, म्हावरा माराया गेलाय," आई म्हणाली. "सकाली तुमचे घरान कोलंबी गेली, ती काय ओटीपी टाकून आली?"

सेक्रेटरींच्या चिरंजीवांकडे दोन फोन आणि एक टॅब आहे. घरात कनेक्शनंही दोन, एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून. गेल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी चिरंजीव दोनदा पासवर्ड विसरले. दोन्ही वेळा ओटीपी सोफ्यावर लोळत असतानाच आला. त्याला 'कमाल आहे' असं कोणी म्हटलं नाही. वस्तीतल्या मुलांना मात्र एक चूक परवडत नाही, आणि ही तर चूकही नव्हती.

मुलगी थोड्या थोड्या वेळाने 'पुन्हा पाठवा' दाबत राहिली. भरती आल्याशिवाय होडी धक्क्याला लागत नाही, आणि त्या दिवशी भरती पाचनंतर होती. हे कोळीवाड्यातल्या पोरासोरांना माहीत असतं. साइट बनवणाऱ्या विद्वानांना ते माहीत असायचं कारणच नाही.

पाच वाजले तसं पान बंद झालं. तरी आम्ही तिघं धक्क्यावर गेलो. होडी लागली. वडिलांनी पिशवीची गाठ सोडली, फोन चालू केला, आणि एकामागून एक सहा मेसेज वाजले. सहाही ओटीपी, सहाही मुदत संपलेले.

"एवढं मेसेज?" ते खुशीत म्हणाले. "कोन आठवन कारतंय गो माझी?"

"कोणी नाही, बाबा," म्हणत तिने टोपली उचलली.

ती आता कल्याणला कॉमर्स शिकते. घरातला फोन अजून एकच आहे, आणि तो रोज होडीवर जातो.