उन्हाळ्यातला मफलर

आमच्या सुरतेच्या रविवारच्या शेतकरी बाजारात, भाजीवाल्यांच्या रांगेत, एक काकू हाताने विणलेले लोकरीचे कपडे विकतात. बँकेतून निवृत्त झाल्या, पण माणसाला काउंटरपाशी तिष्ठत ठेवायची सवय गेलेली नाही. सुरतेत कसली आलीय थंडी, असं कुणी म्हणालं की सुया न थांबवता विचारतात, "का? घरात एसी नाही तुमच्या?" मग एसी आहे हे दाखवायला माणूस टोपी घेतो.

मी मफलर घेतला. तेव्हापासून दर रविवारी चौकशी. एकदा न घालता गेलो, तर मेथी निवडणाऱ्या बायकांसमोर म्हणाल्या, "हातच्या कामाची किंमतच नाही हो आपल्या मराठी माणसांना." शेजारी त्यांचे यजमान सुती बंडीत, पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. त्यांच्या अंगावर लोकर मी कधी पाहिली नाही.

भर मे महिन्यात मी मफलर गुंडाळून भेंडी आणायला गेलो. घामाने मान खाजत होती. काकूंनी एका गुजराती गिऱ्हाईक बाईंना माझ्याकडे बोट करून सांगितलं, "जुओ बेन, आ भाई उनाळामां पण काढता नथी!"

उन्हाळ्यातही मफलर न काढणारा माणूस बघून बाईंनी लगेच दोन घेतले. यजमानांनी पुठ्ठ्याचा वारा गुपचूप माझ्याकडे वळवला.