घोड्यावरची पाठमोरी मुलगी

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ‘ह्या माणसाला असले भास व्हायची सवयच असेल’ असं कुणाला वाटायला नको. मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात साहेबांचा एकच नियम होता – जे मोजलं नाही, डोळ्यांनी पाहिलं नाही, ते कागदावर काढायचं नाही. एक रेघ अंदाजाने मारली की खाली वर्कशॉपमध्ये लोखंड वाया जातं. हा नियम माझ्या अंगात एवढा भिनला होता, की कुणी भुताची गोष्ट सांगू लागलं की मी भुताची उंची विचारायचो. बायको म्हणायची, “तुम्हाला भूत भेटलं तर तेच पळून जाईल. टेप काढाल खिशातून!”

तर... नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस. औरंगाबादला रोज नवा कारखाना उभा राहत होता आणि त्याच शहरात विद्यापीठाच्या नावासाठी माणसं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत होती. मी जालन्याला एका मिलमध्ये मशीनच्या फाउंडेशनची मापं घ्यायला गेलो होतो. दुपारच्या एसटीने परत निघालो, तर करमाडच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे रास्ता रोको.

“उतरा खाली, पाय मोकळे करा,” कंडक्टर म्हणाला. “लई टाइम लागंल.”

पांढरं लुगडं नेसलेली एक म्हातारी हातात निळा झेंडा घेऊन खणखणीत घोषणा देत होती. मधेच थांबून तिने आमच्या गाडीतल्या एका लेकुरवाळीला स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं आणि पुन्हा घोषणा सुरू केल्या. मी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसलो. पिशवीत चित्रांची वही आणि रंगीत पेन्सिली असायच्याच, त्या काढल्या.

तेवढ्यात शेतातल्या वाटेने मेंढ्या आल्या. धनगरांचं बिऱ्हाड होतं. त्यांना रस्ता ओलांडायचा होता, पण गाड्यांची रांग लागलेली, म्हणून तेही खोळंबले. त्यांचा घोडा माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर उभा राहिला. त्याच्या पाठीवर उलटी टाकलेली खाट, भांडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि ह्या सगळ्यावर बसलेली सहाएक वर्षांची मुलगी. माझ्याकडे तिची पाठ होती. दोन वेण्या, एकीला लाल रिबीन, दुसरीला निळी. फ्रॉकच्या पाठीवर हाताच्या पंजाएवढं पिवळं ठिगळ. तिने एक कोकरू छातीशी धरलं होतं आणि त्या कोकराचं तोंड तिच्या खांद्यावरून मागे, थेट माझ्याकडे वळलेलं होतं.

मी भराभर काढत सुटलो. दहा मिनिटं ती तशीच बसून होती. हलली नाही, वळली नाही. मग गाड्या हलल्या, घोडा पलीकडे गेला. सवयीप्रमाणे मी कोपऱ्यात तारीख आणि वेळ टाकली – दुपारी ३.१०.

घरी आल्यावर माझ्या पाच वर्षांच्या मनूने ते चित्र पाहिलं. “ही कुठं चाललीय?” म्हणाली. मला काय माहीत? म्हटलं, बघू या. मग रोज ऑफिसातून आलो की एक चित्र व्हायचं – मुलगी नदीपाशी, मुलगी किल्ल्याखाली, मुलगी उसाच्या फडाशेजारी. जागा सगळ्या माझ्या पाहिलेल्या, मुलगी वहीतल्यासारखीच. अकरा चित्रं झाली. एका मित्राचा छापखाना होता, त्याने हौसेने पुस्तक छापून दिलं. नाव ठेवलं ‘कोकरू मागं बघतं’. प्रत्येक पानावर कोकरू आपल्याकडे बघतं आणि मुलगी पाठमोरीच.

मनूला ते पटेना. “बाबा, तिचं तोंड काढा ना.”

“मी पाहिलंच नाही, तर काढू कसं?”

“खोटं खोटं काढा.”

नाही काढलं. साहेबांचा नियम!

पुढच्या वर्षी, त्याच दिवसांत, मी एक प्रत घेऊन करमाडला गेलो. जिच्यामुळे पुस्तक झालं तिला ते द्यावं, एवढंच मनात होतं. धनगरांच्या वाटा ठरलेल्या असतात, ठरावीक शेतांत ते मेंढ्या बसवतात, खतासाठी. एका शेतकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “रास्ता रोकोत अडकलेलं ना? व्हय, त्येच बिऱ्हाड. वढ्याच्या पल्याड बसलंय.”

ओढ्यापलीकडे एक बाई चुलीपाशी भाकरी थापत होती. सोनाबाई तिचं नाव. मी म्हटलं, तुमच्या मुलीसाठी पुस्तक आणलंय. तिने पिठाचे हात पदराला पुसले, पुस्तक घेतलं आणि पहिल्याच पानावर ती थांबली.

“तुमी ठकूला कवा बघितलं?”

“गेल्या वर्षी. रास्ता रोको होता बघा, तेव्हा. घोड्यावर बसली होती.”

“नाय वो दादा,” ती हळू बोलली. “घोड्यावर खाट व्हती अन् कोंबड्या. ठकू त्याच्या आदल्या साली हितंच गेली. तापानं. दोनच दिस. तिच्या मागं आठ दिसांत तिचं कोकरू बी गेलं.”

मी म्हटलं, दुसरी कुणाची मुलगी असेल.

“आमच्यात दुसरं लेकरूच नव्हतं.” तिने पिवळ्या ठिगळावर बोट ठेवलं. “ह्ये मीच लावलंय. ह्याच कपड्यात तिला मातीत घातली.”

ओढ्याच्या वरच्या अंगाला तिने हात केला. तिथे एक कडुलिंबाचं झाड होतं आणि भोवती नवं कोरं तारेचं कुंपण. कुठल्यातरी कारखान्याचा प्लॉट. “त्या लिंबाखाली हाय. औंदा तार घातलीय, आत जाऊ देत नायत. गेल्या साली तिथं भाकर ठिवली, अन् निघताना म्हनले, चल गं बाई आमच्यासंगं, हितं एकली नको ऱ्हाऊ... तिथनं रस्त्यावर आलो तं मोटारी अडलेल्या.”

मग पुन्हा चित्राकडे बघत ती म्हणाली, “म्हंजी आली व्हती.”

मापं घेणारा माणूस मी, लिंबापासून रस्त्यापर्यंतचं अंतर नजरेने मोजू लागलो.

ती पानं उलटू लागली. एक, दोन, तीन... शेवटपर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून आली. मला वाटलं चित्रं बघतेय. नंतर कळलं, शोधतेय.

“तोंड कुठंय, दादा?”

मी सांगितलं, मला दिसलं नव्हतं. पण तुम्ही सांगा, मी काढतो. त्या दिवशी मी आयुष्यभराचा नियम मोडला. ती सांगत गेली – कपाळ रुंद, नाक बसकं, डाव्या गालाला खळी – आणि मी काढत गेलो. पहिला कागद बघून तिने मान हलवली. दुसरा बघून म्हणाली, “नाय, ही नव्हं.” तिसरा तिने खूप वेळ हातात धरला.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मला बी आता तिचं तोंड नीट येत नाय डोळ्यांपुढं. फोटू कवा काढला नाय. तुमच्या कागदावर तरी असंल वाटलं.”

पुस्तक तिने पदरात गुंडाळून घेतलं. तिसरा कागद मला परत दिला.

त्यानंतर ते बिऱ्हाड मला भेटलं नाही. तिथे कारखाने झाले, मेंढ्यांची वाट बदलली. लिंब कधी गेला, कळलंही नाही. लोक म्हणतात, ऊन लागलं असेल, वाटेवरचं दुसरं कुठलं पोर घोड्यावर चढलं असेल. असेल. पण ती वही माझ्याकडे आहे – लाल रिबीन, निळी रिबीन, पिवळं ठिगळ, ३.१०. सोनाबाईपाशी काढलेले ते तीन कागद सोडले, तर मी न पाहिलेलं काढत नाही. ह्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, आणि आता वयही झालं.

मला छळतं ते वेगळंच. त्या दहा मिनिटांत दोनदा माझ्या ओठांवर आलं होतं – ए पोरी, इकडं बघ! हाक मारली असती तर कदाचित वळली असती. पण वळली असती तर चित्र बिघडलं असतं... म्हणून मी गप्प बसलो.